भिंतीवरची जोडी कुणाची?

“माझा न्हाई! ह्यो बैल माझा न्हाई! पुसा आधी त्ये!”

आबा ओरडले तेव्हा कान्हे स्टेशनात उभी असलेली लोकल सिग्नल नसतानाच निघाली, आणि तिकडे कुरवंड्याच्या सुळक्यावरची माकडं पटापट खाली उतरली. माकडं मी स्वतः पाहिली नाहीत. पण कुरवंड्याचे लोक उगाच कशाला खोटं बोलतील?

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. वय पंच्याहत्तरच्या आसपास, मिशा पांढऱ्या आणि आवाज असा की शेताच्या या बांधावरून त्यांनी शिंक दिली तर त्या बांधावरचा माणूस टोपी सावरतो. त्या सकाळी ते कडक इस्त्रीचा सदरा घालून गावच्या सोसायटीच्या गोदामासमोर उभे होते, आणि त्यांच्यासमोर तीस फूट लांब भिंतीवर त्यांचंच चित्र होतं. शेजारी त्यांची बैलजोडी, जुवावर हात ठेवून आबा, मागे डोंगर आणि भाताची खाचरं. एक चित्रकार आठ दिवस हिरव्या जाळीआड हे रंगवत होता, आणि आदल्या दिवशी काम उरकून गेला होता. आज जाळी उतरली होती. सगळं गाव पेढ्यांची वाट बघत उभं होतं, आणि ज्यांच्यासाठी पेढे आणले तेच ‘पुसा’ म्हणत होते.

आता त्यांना काय खुपलं ते नीट सांगायला हवं, कारण बैल न जुंपलेल्या माणसाला ते जन्मात कळणार नाही. जोडीतल्या बैलांच्या जागा ठरलेल्या असतात. जो डाव्या अंगाचा, तो मरेपर्यंत डाव्या अंगाचा. आबांचा पांढरा बैल डाव्या अंगाचा, काळा उजव्या. शिवाय पांढऱ्याचं उजवं शिंग टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरसारखं खाली वळलेलं. भिंतीवर पांढरा बैल उजव्या अंगाला उभा होता, आणि वळलेलं शिंग होतं डावं.

एवढ्यावर आबा गप्प बसलेही असते कदाचित. पण गावात त्यांचे साडू राहतात.

साडूंचीही जोडी होती, तीही काळी-पांढरी. साडूंचा पांढरा आणि आबांचा पांढरा हे एकाच गाईचे जुळे. गाईच्या पोटात दोघं डोक्याला डोकं लावून झोपत, म्हणून एकाचं उजवं शिंग वळलं आणि दुसऱ्याचं डावं, असं आमच्याकडे सगळे सांगतात. आणि साडूंनी त्यांचा पांढरा जुंपला होता उजव्या अंगाला. थोडक्यात, आबांच्या जोडीला उलटं केलं की साडूंची जोडी तयार.

साडू गर्दीतून पुढे आले. चष्मा वर केला, खाली केला, भिंतीला हात जोडले.

“आगं बया! ही तर माझी जोडी!” ते म्हणाले. “लय उपकार झालं बगा. आन आबा, तुमी माझ्या बैलांजवळ कशापायी हुबं ऱ्हायलाय? राखणीला व्हय?”

पेढे तिथल्या तिथे आंबट झाले.

हसण्यावारी न्यावं अशी ही गोष्ट नव्हती, कारण भाद्रपदातला पोळा दहा दिवसांवर आला होता. आमच्या गावात आता ट्रॅक्टर आहेत, बैल एकही नाही. आबांचे आणि साडूंचेही आपापल्या गोठ्यात म्हातारे होऊन गेले. गेल्या पोळ्याला मिरवायला बैल मिळेना म्हणून गावानं मातीच्या बैलांची मिरवणूक काढली होती, आणि ती बघून शेजारच्या गावाला वर्षभर पुरेल इतकं हसू आलं होतं. म्हणून यंदा ठरलं, पूजा भिंतीवरच्या जोडीची करायची, आणि पहिल्या आरतीचा मान जोडीच्या मालकाचा. आबांच्या जोडीचा तो मान वीस वर्षं होता. आता साडू घरी जाऊन आरतीचं ताट घासायला बसले, असं त्यांच्या शेजारणीनं कळवलं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चूक चित्रकाराची नव्हती. माझी होती.

चित्रकारानं जोडीचा फोटो मागितला, तेव्हा सगळ्या गावात तो फक्त माझ्या फोनमध्ये होता. चार-पाच वर्षांपूर्वी मी बैलांपुढे उभा राहून सेल्फी काढली होती. पुढे माझं थोबाड, मागे आबा आणि जोडी. माझा फोन सेल्फी आरशासारखी उलटी ठेवतो हे मला आबा ओरडल्यानंतर एका मिनिटात कळलं. फोटोत गोठ्याबाहेर खताची पोती होती आणि त्यांच्यावरची सगळी अक्षरं उलटी होती. चित्रकारानं पोती वगळली आणि माझं थोबाडही वगळलं. कलावंताची नजर म्हणतात ती हीच असावी.

मी फोन खिशात टाकला आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडलो, “ह्या चित्रकाराला धरून आणला पाहिजे!”

“धरून न्हाई,” आबा माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. “आपुन जायाचं. तू मला नेणार.”

चित्रकार फोन उचलत नव्हता. त्याचं प्रदर्शन लोणावळ्यात कुठल्याशा गॅलरीत चाललंय, एवढंच सोसायटीच्या शिपायाला माहीत होतं. रविवारी मला कंपनीला सुट्टी. आबांनी तोच सदरा घातला, टोपी घातली, आणि कान्ह्याहून आम्ही लोकलनं निघालो.

लोणावळ्यात गॅलरी शोधणं म्हणजे चिक्कीच्या दुकानांच्या रांगेत दातांचा डॉक्टर शोधण्यासारखं. ज्याला विचारावं तो चिक्कीच दाखवायचा. आबा आयुष्यभर लोणावळ्याला येत होते. दूध घेऊन आले, तांदूळ घेऊन आले, एकदा हरवलेला रेडा शोधत आले. पण बघायला म्हणून कधीच आले नव्हते. आता मात्र त्यांनी ठरवलं की चित्रकार सापडेपर्यंत वाटेत दिसेल ती प्रत्येक कला तपासायची.

पहिली सापडली रस्त्याच्या तिठ्यावर. छोट्याशा बागेत नांगर धरलेल्या शेतकऱ्याचा फायबरचा पुतळा. आबांनी त्याला तीन प्रदक्षिणा घातल्या. बागेतल्या बाकांवरची जोडपी उठून हात जोडू लागली.

“पायात बूट घालून नांगर धरलाय,” आबांनी निकाल दिला. “आन फाळ वरच्या वर. ह्यो नांगरत न्हाई, ह्यो जिमीन विंचरतोय.”

“आबा, कला असती ती.”

“आसंल. पर पीक यायचं न्हाई.”

पुढे मेणाच्या पुतळ्यांचं एक म्युझियम लागलं. चित्रकार तिथे असण्याची शक्यता नव्हती, पण आबा म्हणाले, “बघून घिऊ, कुनी लपून ऱ्हायला तर?” आत थंडगार हवा, झगमगते दिवे आणि ओळीनं उभी मोठी माणसं. आबांनी प्रत्येकाला रामराम घातला. एकानंही परत घातला नाही. तेव्हा, “बडी मान्सं, म्हनून येवडी मगरुरी?” असं म्हणत ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, आणि गुडघे दुखत होते म्हणून जरा डोळे मिटले.

मी पाणी आणायला गेलो. परत येऊन बघतो तर आबांपुढे रांग! सुरतेकडचं एक कुटुंब त्यांच्याबरोबर फोटो काढत होतं. एका बाईनं त्यांच्या टोपीला हात लावून पाहिला, “केटलुं असली लागे छे!” एका पोरीनं मिशी ओढली. आबा हलले नाहीत. माशी नाकावर बसली, तरी हलले नाहीत. चाळीस माणसांनी फोटो काढले असतील, चारशे म्हटलंत तरी माझी हरकत नाही.

गर्दी हटल्यावर मी म्हणालो, “आबा, बोलायचं तरी!”

“कसं बोलू? मान्सं येवड्या लांबून आल्याती,” आबा मिशी चोळत म्हणाले. “आन मधीच बोललो आस्तो तर ती पोरगी जागच्या जागी गार झाली आस्ती. मंग तिचाच पुतळा मांडाया लागला आस्ता.”

शेवटी तुंगार्लीच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात गॅलरी सापडली. फाटकावर बोगनवेल, आत पांढऱ्या भिंती, आणि शांतता एवढी की आबांच्या वहाणांची करकर ऐकून दोन-तीन माणसं चित्रंच किरकिरताहेत असं समजून मागे सरली. टेबलामागे एक मुलगी बसली होती, गोल चष्म्याची, पुण्याच्या बोलीची.

“चित्रकार जेवायला गेलेत. तोवर तुम्ही बघा ना निवांत,” ती म्हणाली.

आबांनी हात पाठीमागे बांधले आणि बैलबाजारात फिरावं तसे फिरू लागले. पहिलं चित्र म्हणजे एक भलामोठा तपकिरी कॅनव्हास. नुसता तपकिरी. आबांनी नाक जवळ नेलं.

“सारवलंय व्हय हे?”

“तो मातीचा पोत आहे, काका,” मुलगी म्हणाली.

“श्यान कमी पडलंया. हितं बघ, भेगा पडल्याती. आमच्या हिला बोलीव, एका हातात बशीवती.”

पुढच्या चित्राखाली पाटी होती. मी वाचून दाखवली, ‘विनाशीर्षक’. त्याच्या पुढच्याखालीही ‘विनाशीर्षक’. पाचव्या विनाशीर्षकापाशी आबा थांबले आणि कळवळून म्हणाले, “येवडी लेकरं, आन येकाचंबी बारसं न्हाई?”

मुलीनं चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा घातला. ती हसली होती, पण आवाज न करता. गॅलरीत नोकरी करणाऱ्यांना ते शिकवत असावेत. मग तिनं आबांना बरंच काही समजावलं. चित्र जरा लांबून बघायचं, हात लावायचा नाही, आणि खालच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते, ती बघायची. सहीचं आबांना फार आवडलं. त्यानंतर चित्र न बघता ते आधी कोपरा बघू लागले. “ही हाय. ह्येचीबी हाय. आन ह्येची? हां, हाय हाय.” ते सह्या मोजत पुढे गेले. एका चित्राला सही सापडेना तेव्हा त्यांनी मुलीला हाक मारून तक्रार नोंदवली. सही मागच्या बाजूला निघाली.

आणि तेवढ्यात चित्रकार आला. तिशीतला, केसांचा बुचडा, पायात पांढरेशुभ्र बूट. आबांना बघून तो आनंदानं ओरडला, “अरे, आबा! भिंत आवडली?”

“भित लय चांगली हाय,” आबा म्हणाले. “तिच्यावरचं चित्र तेवडं चुकलंया. पांढरा उजव्या अंगाला काढलायस.”

चित्रकार गोंधळला. “मी तर डावीकडे काढलाय.”

“तुज्या डावीकडं! त्येच्या डावीकडं न्हाई! बैल तुज्या म्होरं त्वांड करून हुबा हाय. कासरा धरून त्येच्या मागं जा, आन मंग सांग डावं कंचं!”

चित्रकारानं हवेत कासरा धरला, स्वतःभोवती अर्धा फिरला, आणि त्याचा चेहरा पडला. “बरं, पण आबा, एवढा काय फरक पडतो? बैल तर तेच आहेत ना?”

आबांनी मोठा श्वास घेतला. मला वाटलं, आता खिडक्यांच्या काचा गेल्या. पण ते अगदी हळू म्हणाले, “बूट काड.”

“काय?”

“बूट काड तुजं. डावा उजव्यात घाल, उजवा डाव्यात. आन चाल.”

चित्रकार मावळातल्या म्हाताऱ्यांना अजून नवखा होता, त्यामुळे त्यानं ऐकलं. बुटांची अदलाबदल केली आणि दोन विनाशीर्षकांच्या मधून चालू लागला. बदकासारखा म्हणावं, तर बदकानं अब्रुनुकसानीचा दावा लावला असता. तेवढ्यात मुंबईची आठ-दहा माणसं आत आली. समोर काय चाललंय ते बघून त्यांनी आवाज खाली आणले आणि अर्धगोल करून उभी राहिली.

“अजून एक फेरी,” आबा म्हणाले. “सोनं बांदलंय का पायाला? सरळ चाल!”

“दुखतंय, आबा.”

“दुखनारच. धा वर्सं डाव्या अंगानं चाललेला बैल उजव्या अंगाला जुपला, तर त्येला आसंच हुतं. त्यो मारत न्हाई, बसत न्हाई. निस्ता लाजतो. आन तू माझ्या पांढऱ्याला साऱ्या गावाम्होरं तसा हुबा केलायस. पोळ्याला येक-येक बाई त्येच्या पाया पडंल, आन साडूचा म्हनून पडंल.”

मग त्या अर्धगोलातून टाळ्या आल्या. एक गृहस्थ गहिवरून म्हणाले, “फारच ताकदीचं सादरीकरण. हे रोज किती वाजता असतं?” एका बाईंनी आबांना विचारलं, तुम्ही कुठल्या शाळेचे. “झेडपीच्या,” आबा म्हणाले, “चौथीपर्यंत.”

चित्रकार खाली फरशीवर बसून बूट सरळ करत होता. त्याला पटलं होतं. पण पटल्यावरही माणूस स्वतःची बाजू सांगतोच. “आबा, मी फोटोत होतं तसंच्या तसं काढलंय हो. थांबा, फोटोच दाखवतो तुम्हाला.” आणि त्यानं खिशातून फोन काढला.

त्या फोटोत माझं थोबाड होतं, आणि मागे खताच्या पोत्यांवरची उलटी अक्षरं. मला एकदम खोकला आला. असा खोकला मला आधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. पाणी आणायला ती मुलगी धावली, मुंबईची माणसं याला प्रयोगाचा दुसरा अंक समजून माझ्याकडे वळली.

आबा मात्र वळले नाहीत. चित्रकाराचा हात त्यांनी हलकेच खाली केला. “फोटू मला कशाला दावतोस? मला बैल ठाव हायती. तू कदी येतोस, त्ये सांग.”

तो दुसऱ्याच दिवशी आला. शिडी लागली, जाळी पुन्हा चढली. पांढऱ्याला काळा करणं सोपं गेलं, पण काळ्याला पांढरा करताना रंगाचे तीन हात दिले तरी खालचा काळा डोकावत राहिला. आबा दिवसभर खुर्ची टाकून समोर बसले. शिंग चार वेळा वळवून घेतलं, कानाजवळचा एक भोवरा घालून घेतला. शेवटी पांढरा जरासा राखट झाला तेव्हा चित्रकार ओशाळून म्हणाला, “एवढं काही जमत नाहीये.”

“जमलंय,” आबा म्हणाले. “भाताच्या आवणीच्या वक्ताला भिजल्यावर त्यो आसाच दिसायचा.” गोठा रिकामा झाल्यापासून त्या बैलाच्या कामाच्या दिवसांबद्दल ते पहिल्यांदाच बोलले होते.

साडू येऊन बघून गेले. दोन्ही शिंगं तपासली, अंग तपासलं, वाद घालायला जागा उरली नाही. जाताना म्हणाले, “बरं, जोडी तुमची. पर शेपूट माझ्या बैलाचीच हाय.”

“शेपूट ठिवा तुमी,” आबा म्हणाले. “मान आमाला ऱ्हाऊ द्या.”

चित्रकारानं विचारलं, “आबा, आणखी काही चुकलंय का? आत्ताच सांगा, शिडी उतरवण्याआधी.”

आबांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. खालच्या कोपऱ्यात त्याची सही होती, ती वाकून पाहिली. मग म्हणाले, “बाकी बराबर हाय.”

पोळ्याला भिंतीपुढे रांगोळी आली, भिंतीच्या शिंगांना वरून फुलांच्या माळा सोडल्या, ढोल-ताशा असा वाजला की बेगडेवाडीला लोकांनी दारं लावून घेतली. पहिली आरती आबांची. पुरणपोळीचा नैवेद्य काकीनं भिंतीला टेकवून ठेवला, तो साडूंच्या बोकडानं खाल्ला, आणि साडू म्हणाले, बघा, आमचाबी मान झाला.

आणि तेव्हा, आरतीच्या वेळी, मला ते दिसलं. बैल सरळ झाले होते, पण भिंतीवरचे आबा तसेच होते. त्यांच्या सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर होता. समोर खरे आबा हात जोडून उभे, खिसा डावीकडे. भिंतीवरचे आबा, खिसा उजवीकडे. एखादं शेंबडं पोरही सांगेल की ही आरशातली नक्कल आहे. गावात कुणाच्या लक्षात यायच्या आत सांगून टाकावं म्हणून दुपारी जेवणं झाल्यावर मी आबांच्या शेजारी जाऊन बसलो. ते सुपारी कातरत होते.

“आबा, फोटू उलटा हुता. माझ्या फोनमुळं. चूक माझी हुती.”

“ठाव हाय,” आबा म्हणाले.

“कधीपासनं?”

“जाळी पडली तवापासनं. रोज आरशात दाडी करतो, खिसा तिकडंच जातो.”

“मग लोणावळ्याला कशाला गेलो आपण? हितंच सांगायचं ना मला! आन तो खिसा का न्हाई नीट करून घेतला?”

आबांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला.

“ऱ्हाऊ दे. तुजी सही हाय ती.”